डाव्या खांद्यावरची तुर्की

कॉलिन्स बेंड, नेब्रास्का
८ सप्टेंबर २००३

लेलँड,

फोन केला असता, पण गेल्या वेळी मी तीनदा ओरडून "बटाटे काढून झाले" म्हटलं आणि तू विचारलंस, "कोण वारलं?" कानात बोळे न घालता वीस वर्षं बार उडवलेस, आता भोग. म्हणून लिहायला बसलेय. मला लिहायचा कंटाळा आहे हे तुला माहीत आहे, तेव्हा उत्तर लगेच दे. तुझ्या नेहमीच्या चालीने नको.

हार्लन सगळ्या बंदुका विकायला निघालाय. सगळ्या. भिंतीवरच्या, पलंगाखालच्या, आणि मला माहीत नाहीत असं त्याला वाटतं त्या बियाण्याच्या खोलीतल्यासुद्धा. नोव्हेंबरात जत्रेच्या मैदानावर बंदुकांचा बाजार भरतो ना, तिथे त्याने टेबल घेऊन ठेवलंय. का म्हणून विचारलं तर म्हणतो, "पुरे झालं." एवढंच. बत्तीस वर्षांचा संसार, आणि माणूस दोन शब्दांत उत्तर देतो.

मला खरं तर आनंद व्हायला हवा. कुठल्या कुठल्या सैन्यांनी टाकून दिलेल्या, त्यांच्या बापजाद्यांनी वापरलेल्या त्या दांडक्यांनी माझं घर भरलंय. एकेकीवर ते तपकिरी ग्रीस, बोटाला लागलं की आठवडाभर निघत नाही. तुम्ही दोघांनी बंदुकीचा लाकडी दस्ता माझ्या ओव्हनमध्ये भाजायला ठेवला होता ते मी विसरलेले नाही. ग्रीस वितळून बाहेर येतं म्हणे. आलं की! डुकराच्या मांसाला ईस्टरपर्यंत वंगणाचा वास येत होता आणि तुम्ही दोघं मिटक्या मारत खात होतात.

पण आनंद होत नाहीये. हार्लन वजनकाट्यावरून घरी येतो, बीटचे ट्रक मोजून दमलेला, आणि खुर्चीत बसतो. दिवा लावत नाही. पेपर उघडत नाही. परवा शनिवारी मागच्या घळीत एकटाच गेला, चार-पाच बार ऐकले मी, आणि अर्ध्या तासात परत. डावा गाल हा एवढा सुजलेला, ओठ फुटलेला. म्हणाला पिकअपचं बॉनेट लागलं. मी बर्फ दिला, तर तोही स्वतःचा स्वतः धरीना.

तुमचं दोघांचं काही भांडण झालंय का? त्या स्विस बंदुकीवरून? झालं असेल तर सांग, नवरा असो की भाऊ, मी दोघांच्याही कानशिलात देते आणि मिटवते. नसेल तर निदान कुठल्या बंदुकीला काय भाव येतो ते कळव. बाजारातले लोक त्याला फसवतील. हल्ली तो घासाघीस करत नाही, आणि ते मला सगळ्यात वाईट लक्षण वाटतं.

व्हर्ना


पेंडलटन, ओरेगन
१६ सप्टेंबर

प्रिय व्हर्ना,

लगेचच लिहितोय. आठ दिवस पोस्टाचे आणि माझे मिळून झाले.

भांडण नाही. स्विस बंदूक त्याने घेतली, मी घेतली नाही, कारण त्याचा हात आधी पडला. ते भांडण नव्हे, तो त्याचा स्वभाव. तुला ठाऊक नसेल, पण पहिल्या दोन बंदुका आम्ही घेतल्या त्या तुझ्या पडद्यांच्या पैशांच्या. पलीकडच्या गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानात, फावड्यांच्या शेजारी एका पिंपात उभ्या होत्या, झाडू ठेवतात तशा. ग्रीसमध्ये लडबडलेल्या. रशियन. चांगल्या बुटांच्या जोडापेक्षा स्वस्त. दुकानदार म्हणाला, "हात घालायचा आणि येईल ती घ्यायची, निवडायची नाही." हार्लनने कोपरापर्यंत बाही वर केली आणि पिंपात असा हात फिरवला, जणू तळाशी मासा आहे. त्याला आली ती अशी सरळ मारायची की बस. मला आली तिच्या दस्त्यात कुणीतरी चाकूने एका मुलीचं नाव कोरलेलं होतं, रशियन अक्षरांत. माझी डोरिस म्हणायची, ही दुसरी बाई घरात कशाला आणलीस?

मी इकडे राहायला आलो तेव्हा आम्ही ठरवलं होतं: नवी जुनी बंदूक घेतली की पहिल्यांदा झाडायची आणि नेम धरलेला, भोकं पडलेला कागद पोस्टाने दुसऱ्याला पाठवायचा. खाली फक्त देशाचं नाव. बाकी पत्र नाही. हार्लनचे कागद फेब्रुवारीपासून आले नाहीत. मला वाटलं कंटाळला असेल.

भावाचं मागाहून लिहितो. आधी मला एक सांग, आणि नीट आठवून सांग. गाल डावा सुजला होता, की लिहिताना चुकलीस? उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्याचा उजवा गाल सुजतो, तो दस्त्याला टेकलेला असतो म्हणून. हार्लनचा उजवा मी शंभर वेळा सुजलेला पाहिलाय. डावा गाल आपल्या घरात माझा सुजायचा. डावखुरा मी आहे, तो नाही.

आणि बॉनेट पडलं तर डोक्यावर पडतं, व्हर्ना. ओठावर नाही.

त्याला विचारू नकोस. विचारलंस तर सांगणार नाही. फक्त बघ.

लेलँड


कॉलिन्स बेंड
२७ सप्टेंबर

लेलँड,

बघ म्हणालास, पण बघत बसणं मला जमत नाही. डावाच गाल होता. मी काही डावं-उजवं न कळणारी नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो नाश्त्याला बसला होता. नेम डाव्या डोळ्याने धरला तर उजव्याचं काय झालं, हे बघायला मी मागून गेले आणि भांडी पुसायचा टॉवेल त्याच्या डाव्या डोळ्यावर दाबून धरला. दुसरा हात समोर धरून म्हटलं, "सांग, किती बोटं?"

"व्हर्ना, अंडी गार होतायत."

"बोटं सांग."

"तुझी बोटं पिठाने माखलीयत, बाजूला हो."

पीठ नव्हतंच. हात धुऊन आले होते मी. मग पुढे वाकून म्हटलं, "माझं तोंड दिसतंय का तुला?" तो म्हणाला, "कान दिसतात. केस दिसतात. मधलं नाही." आणि वर म्हणतो कसा, "एवढ्या वर्षांनी मधलं दिसलं नाही तर काही बिघडत नाही." मी टॉवेल त्याच्या अंगावर फेकला आणि कोंबड्यांना दाणे घालायला गेले. त्यांना आधीच घातले होते. पुन्हा घातले.

तर झालंय असं. उजव्या डोळ्याच्या मधोमध काळा डाग आलाय. गेल्या हिवाळ्यापासून. हा माणूस एकटा जाऊन डॉक्टरला दाखवून आला, मला सांगितलं टायर बदलायला चाललोय. डॉक्टर म्हणाला हा डोळा परत येणार नाही. डावा ठणठणीत आहे, राहीलही. एवढ्यावर हार्लनने मनाशी ठरवून टाकलं की संपलं. त्या शनिवारी शेवटचं म्हणून गेला होता. बंदूक उजव्या खांद्यावर, नेम डाव्या डोळ्याने. मान अशी दस्त्यावरून पलीकडे काढून, कुंपणावरून शेजारच्या घरात डोकावल्यासारखी. धक्का बसला तो सरळ तोंडावर.

मी म्हटलं, "मग डाव्या खांद्यावर घे ना, गाढवा. लेलँड घेतो."

तर म्हणाला, "मी खेकडा नाही."

आता तू मनाला लावून घेऊ नकोस. वीस वर्षं तो तुला खेकडा म्हणाला आणि तूही हसायचास. पण त्याला खरंच वाटतं की बंदुका उजव्या माणसासाठी बनतात आणि जगातली सगळी सैन्यं त्याच्या बाजूने आहेत. गोळी भरायच्या बोल्टची मूठ उजवीकडे, म्हणून आपणही उजवीकडे. वाद संपला.

मला बंदुकांचं काही पडलेलं नाही. उद्या सगळ्या नदीत टाकल्या तरी मी जेवायला वाढीन. पण आधी त्याने रात्री गाडी चालवणं सोडलं. मग पत्ते सोडले, काळं-लाल कळत नाही म्हणे. आता हे. एकेक खोली बंद करत चाललाय तो, आणि शेवटी त्या खुर्चीत बसून राहील. मी छपन्न वर्षांची आहे. खुर्चीशेजारी वीस वर्षं बसायची माझी तयारी नाही.

तुला काय सुचतं ते कर. लवकर कर. बाजार आठ नोव्हेंबरला आहे.

व्हर्ना


पेंडलटन
६ ऑक्टोबर

हार्लन,

ऐकतोय की तू दुकान मोडतोयस. मला तुझी तुर्की बंदूक पाहिजे, चंद्रकोरीच्या छापाची. तिच्यावर माझा डोळा होता हे तुला माहीत आहे. टेबलावर मांडू नकोस. बाजारात मिळेल तो भाव मी देतो, इथल्या परवानेवाल्या बंदूक-दुकानदाराच्या पत्त्यावर पाठव, कायदेशीर.

पण अट एकच. कागद पाहिजे. पाच गोळ्या, पन्नास पावलांवरून. पिशव्यांवर टेकवून झाडलीस तरी चालेल. न झाडलेली बंदूक मी विकत घेत नाही, आणि तूही कधी विकली नाहीस. त्या बेकरीवाल्याला इंग्लिश विकलीस तेव्हा कागद दिलास, मग मला का नाही?

कुठल्या खांद्यावरून झाडतोस ते कागदावर दिसत नाही. मी एवढे पाठवले, त्यावरून तुला कधी कळलं?

लेलँड


(त्याच दिवशी, वेगळ्या पाकिटात)

व्हर्ना,

हार्लनला मी पत्र टाकलंय. तो चिडेल, चिडू दे.

तुझ्याजवळ ठेव, त्याला आत्ता देऊ नकोस: बंदूक पोत्यांवर टेकवली की पुढचा हात मोकळा राहतो. उभ्याने झाडताना बोल्ट ओढायला मला डावा हात नळीवरून पलीकडे घालावा लागायचा, त्यावरूनच खेकडा नाव पडलं. पण टेकवल्यावर नाही. डावा हात चापाशी राहतो, हलतच नाही. उजवा हात बोल्ट ओढतो, कारण मूठ त्याच्याच बाजूला आहे. गाल लाकडावरून उचलावा लागत नाही. हार्लनपेक्षा माझ्या गोळ्या लवकर सुटायच्या त्या यामुळे. त्याला वाटायचं मी न बघता झाडतो.

चष्मा घालायला लाव. जाड काचेचा, वेल्डिंगच्या दुकानातला पारदर्शक. रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, आणि डाव्या खांद्यावर असताना चेहरा त्याच बाजूला असतो. उरलेला डोळा एकच आहे.

आणखी एक. डोरिस गेल्यावर मी माझ्या सगळ्या विकल्या. एका दुपारी, एकाच माणसाला. त्या मुलीच्या नावाची पण. हार्लनला मी सांगितलेलं नाही, त्याला वाटतं त्या अजून माझ्या भिंतीवर आहेत. घर स्वच्छ झालं. शनिवार आले की मी गॅरेजमध्ये जाऊन उभा राहतो आणि काय करायला आलो होतो ते आठवत नाही. तू म्हणतेस ती खुर्ची म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

ले.


(पोस्टकार्ड)
१४ ऑक्टोबर

लेलँड. तुर्की तुझी. पैसे नकोत. कागद मिळणार नाही, माझ्या शब्दावर घे. बहिणीला सांग टॉवेल घेऊन मागे फिरू नकोस म्हणून. हार्लन.


(पोस्टकार्ड)
२० ऑक्टोबर

हार्लन. शब्दावर मी फक्त कोंबडी घेतो. कागद नाही तर बंदूक नाही, तिला बाजारात मांड आणि कुणीतरी दस्ता कापून तिचं हरणं मारायचं खेळणं करू दे. नळीसुद्धा कापतील. लेलँड.


कॉलिन्स बेंड
२ नोव्हेंबर

लेलँड,

ते "दस्ता कापून" लिहिलंस ना, तिथे बाण लागला. कार्ड वाचलं आणि दिवसभर बडबडत होता. "कापतील. हलकट कापतील. शंभर वर्षं लाकूड टिकलं आणि कुणीतरी करवत लावेल." काल जेवण झाल्यावर उठला, तुर्की घेतली, काडतुसांचा तो हिरवा डबा घेतला आणि म्हणाला, "पाच गोळ्या. तुझ्या भावाच्या तोंडावर मारण्यापुरत्या."

मी चष्मा पुढे केला. घालणार नाही म्हणाला. मी म्हटलं, तर मग जायचं नाही, मी पिकअपच्या किल्ल्या कोंबड्यांच्या खुराड्यात टाकल्यायत. टाकल्या नव्हत्या. पण घातला.

घळीत बीटची रिकामी पोती वाळू भरून ठेवली. तो पालथा झोपला. आणि बंदूक उजव्या खांद्याला लावली! मी काही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मान काढून बघितलं त्याने, बहुतेक तो सुजलेला गाल आठवला असेल. मग शिव्या देत देत डाव्या खांद्यावर घेतली. दुसऱ्याचे बूट घालून चालावं तसा दिसत होता. उजवा हात सारखा चापाकडे धावायचा. तू लिहिलेलं मी मागे उभी राहून वाचून दाखवलं.

"डावा हात हलवू नकोस. बोल्ट उजव्याने."

"कोण म्हणतं?"

"खेकडा म्हणतो."

पहिली गोळी मातीत. कागदाच्या इतकी खाली की उंदराला लागली असती. दुसरी कुठे गेली देव जाणे. तिसऱ्याला बोल्ट अडकला आणि तो उठून बसला, म्हणाला, "झालं, बघितलंस?" मी म्हटलं, "मी काहीच बघितलं नाही, तू अजून काही केलेलं नाहीस." पुन्हा झोपला. चौथी. मग एकदम शांत झाला. तुला माहीत आहे तो शांत होतो तसा, श्वास अर्धा सोडून. डावा हात चापावर, उजव्याने बोल्ट, गाल लाकडावर. आणि पाच संपल्या तर आणखी पाच भरल्या. आणि आणखी. मी काही मोजलं नाही. दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होते, मला तुझ्यासारखं व्हायचं नाही.

थांबला तेव्हा कागदाकडे गेला नाही. मला म्हणाला, "बघून ये."

"तुझे पाय शाबूत आहेत."

गेला. परत येईना. मी गेले तर कागदावर भोकं होती, सगळी खाली आणि एका बाजूला, पण एकमेकांजवळ. हातात धरता येतील एवढ्या जागेत. तो बोट घालून घालून बघत होता. मग कागद खिळ्यावरून काढला, घडी केली आणि शर्टाच्या खिशात टाकला. मी म्हटलं, दे, लेलँडला पाठवते. तर म्हणाला, "हा नाही. हा खाली लागलाय. यापेक्षा बरा पाठवू."

घरी येऊन स्वतः पाणी उकळलं. ते जुनं काडतूस नळी गंजवतं ना, म्हणून ती गरम पाण्याने धुवायची. माझी किटली वापरली. मी ओरडले.

पण टेबल त्याने रद्द केलेलं नाही. शब्द दिलाय म्हणतो. काल संध्याकाळपासून सगळ्यांना चिठ्ठ्या बांधतोय. मी पुढे काय होईल सांगत नाही, मला माहीत नाही.

व्हर्ना


कॉलिन्स बेंड
९ नोव्हेंबर

लेलँड,

बाजार झाला. ऐक.

सकाळी टेबलावर सगळ्या मांडल्या. पहिलं गिऱ्हाईक आलं, एक दाढीवाला, रशियन उचलली. हार्लन म्हणाला, "ती नको घेऊ, तिला बार केल्यावर लगेच गरम पाणी लागतं. तू धुशील का?" माणूस म्हणाला, "बघू." हार्लनने बंदूक त्याच्या हातातून काढून परत ठेवली. दुसरा आला तर त्याला म्हणाला, "हरणं मारणार? मग दस्ता कापशील. नाही." तिसऱ्याशी स्विसवरून इतकी घासाघीस केली, की तो बिचारा पूर्ण किंमत द्यायला तयार झाला, तेव्हा हार्लनने किंमत वाढवली! मी म्हटलं, तू विकायला आलायस की जमवायला? म्हणाला, "चांगल्या घरी गेली पाहिजे."

मी कॉफी आणायला गेले. परत आले तर टेबलाशी कुणी नाही. समोरच्या रांगेत, एका म्हाताऱ्याच्या टेबलापुढे हार्लन उभा, युगोस्लाव्हियाची कुठलीतरी ग्रीसने लडबडलेली बंदूक हातात. डाव्या खांद्याला. अख्ख्या बाजारात, लोकांच्या देखत. म्हातारा विचारत होता, "डावखुरा का?" आणि हार्लन म्हणाला, "नव्याने." मग लागले दोघं भांडायला, किमतीवरून, अर्धा तास. हार्लनचा आवाज मला दोन रांगा पलीकडून ऐकू येत होता.

घरून नेल्या त्यापेक्षा एक जास्त आली, लेलँड. एकही विकली नाही. नवी कोरी जुनी बंदूक माझ्या स्वच्छ सीटवर, खाली काही न अंथरता.

मी पिकअपमधून बोलायला लागले ते पोर्चवर उतरेपर्यंत, तिथून स्वयंपाकघरात, आणि जेवण वाढतानासुद्धा. सीट, पैसे, गेलेला दिवस, त्या डॉक्टरकडे एकटा गेला होता ते, टायरची थाप, सगळं काढलं. तो मान खाली घालून जेवत होता आणि हसू दाबत होता. मध्येच म्हणाला, "बोल बोल, थांबू नकोस." मी थांबलेच नाही. फेब्रुवारीपासून मी त्याला असं पोटभर बोलले नव्हते, काचेसारखा फुटेल अशी भीती वाटायची. आज सकाळी माझा घसा बसलाय, आवाज फुटत नाहीये, म्हणून बरं झालं तुला लिहायचं होतं.

व्हर्ना